चौकशीची फी

"बंदूक दाखवता का?" असं विचारत तो दुकानात शिरला आणि माझ्याकडेच बघत उभा राहिला.

"बंदूक त्या कपाटात आहे," मी म्हटलं. "माझ्या चेहऱ्यावर नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. लाजणारी गिऱ्हाइकं मला फार आवडतात. ती भावात घासाघीस करत नाहीत. पण हा लाजूनसुद्धा हसला, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

गिरगावात ठाकूरद्वारच्या अंगाला आमचं बंदुकांचं दुकान. आजोबांच्या वेळी शिकारीचे शौकीन यायचे. गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला तेव्हा मात्र लालबाग-परळची माणसं यायला लागली. कारण सोपं होतं. बँकांना, पेढ्यांना राखणदार हवे होते, आणि बंदूक व लायसन्स ज्याचं त्याने आणायचं होतं. बाबांची, म्हणजे शरच्चंद्र विजयकरांची, कंबर धरायची. म्हणून दुपारचं काउंटर माझं. मी राजलक्ष्मी, बी.ए. झालेली, आणि बारा बोरची नळी डोळे मिटून साफ करणारी. मला स्वतःचा बराच अभिमान होता. अजूनही आहे.

तो जयवंत. साच्यावर कापड विणणारा कामगार, गिरणी बंद, एका बँकेने तोंडी हो म्हटलेलं, पण महिनाअखेर लायसन्स दाखव ही अट. मी एकनळी त्याच्या हातात दिली. त्याच्या तळहातावर भाजल्याचा मोठा डाग होता.

"हे काय?"

"चहा सांडला."

एवढा मोठा डाग चहाचा नसतो हे मला कळत होतं. त्याला नळी जमिनीकडे धरायला शिकवली, आधी उघडून आत काही नाही ना ते बघायला शिकवलं. मग अर्जाचं सांगितलं. त्या सुमारास नवीनच निघालं होतं : अर्जाची फी वेगळी, आणि पोलीस आपली जी चौकशी करणार तिचीही फी अर्जदारानेच भरायची.

"म्हणजे उलटतपासणी माझी, आणि पैसे पण माझेच?"

"मग काय शेजाऱ्यांचे? ज्याला हवंय त्याने भरायचं."

"तुम्ही सरकारच्या बाजूच्या दिसता, मालकीणबाई."

"मी बंदुकीच्या बाजूची आहे. ती कुणाच्याही हातात जाऊ नये, बस."

त्याने फी भरली. त्यानंतर तीच बंदूक बघायला तो पुन्हा पुन्हा येऊ लागला.

"कालच तर बघितलीत!"

"काल उजेड कमी होता..."

"आज तरी नीट दिसली का?"

"दिसली," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी तेलाचं फडकं उचललं आणि पुसलेलीच नळी पुन्हा पुसायला घेतली.

मग एका पावसाळी दुपारी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. ओल्या चपला बाहेर काढल्या, तरी आत येईना.

"अर्ज परत आला."

"का? काय केलंत?"

"मी काही नाही केलं. चाळीने केलं!"

झालं होतं ते असं. पोलीस साध्या कपड्यांत चाळीत गेला आणि विचारू लागला : जयवंत कसा आहे, दारू पितो का, भांडखोर आहे का? आता चाळीत असे प्रश्न कोण विचारतं? मुलीकडचे! शेजारच्या सोनूबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि जयवंतचं लग्न जमवायचंच म्हणून कंबर कसली. "ओ, मुंगीक पन दुखवूचो नाय. कोंबडी कापूक घेतली तर ह्यो गॅलरीत जाऊन उभो. दिवाळीत फटाके वाजले की कानांवर हात! सोन्यासारखो झिल, डोळे मिटून द्या."

पोलीस साहेबांनी शेरा मारला : शस्त्र बाळगण्यास मनाने योग्य नाही.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तोही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि महिना संपत आलेला. "मी भरते" हे शब्द माझ्या ओठांवर आले, तेवढ्यात तोच म्हणाला, "ज्याला हवंय त्याने भरायचं. तुमचाच नियम." आणि मला त्याचं मनगट दिसलं. रोजच्या घड्याळाच्या जागी न रापलेल्या कातडीचा नुसता पांढरा पट्टा होता.

"चाळीला ताकीद दिलीये," जाता जाता तो म्हणाला. "आता कुणीही विचारायला आलं तर सांगायचं, जयवंत म्हणजे वाघ!"

त्या संध्याकाळी गल्लीतल्या घड्याळजीच्या काचेत मला ते घड्याळ दिसलं. पट्ट्यासकट ओळखलं मी. काचेसमोर उभ्या उभ्या मला कळलं की हे प्रकरण बंदुकीच्या पलीकडे गेलंय.

घरी येऊन बाबांना सरळ सांगितलं, "मला एक मुलगा आवडलाय."

"त्याला माहीत आहे?"

"अजून नाही."

बाबांनी चष्मा काढला. जात विचारली नाही, पगार विचारला नाही, पगार नव्हताच. "चौकशी केल्याशिवाय मी बंदूकसुद्धा देत नाही," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंबर दुखत असताना काळा कोट, काळी टोपी चढवून लालबागला त्याच्या चाळीत गेले. परत आले ते थेट माठाकडे.

"राजी, अगं, भयंकर माणूस आहे! चौघांना एकटा लोळवतो म्हणे. रात्र रात्र झोपत नाही. एक सोनूबाई तर मला धीर देत होत्या, 'साहेब, गोळी घालूक मागेपुढे बघूचो नाय!'"

मी पोट धरून हसले. मग सगळं सांगितलं. बाबाही हसले, पण लगेच गंभीर झाले.

"जिन्यात एक म्हातारी भेटली, राधाबाई. मी विचारलेलं नसताना तिने सांगितलं. चाळीत कुणाचा तरी स्टोव्ह भडकला, सगळे पळाले. याने पेटता स्टोव्ह उचलून अंगणात फेकला. आणि मग कठड्याला धरून थरथरत बसला." बाबांनी टोपी काढून ठेवली. "राजी, बंदूक द्यावी ती अशाच माणसाच्या हातात. घाबरतो, पण पळत नाही."

"आणि मुलगी?"

"मुलगी कोण देतंय? ती आपली आपण निघालीये!"

दुसऱ्या दिवशी मी आधी घड्याळजीकडे गेले. दुपारी बाबा कधी नव्हे ते दुकानात आले आणि मागच्या खुर्चीत पेपर उघडून बसले.

जयवंत जवळजवळ उडतच आला. "झालं काम! काल साहेब आला होता. मी नव्हतो, पण चाळीने कमाल केली. काळा कोट, काळी टोपी, कमरेवर हात... सोनूबाई म्हणाली, नुसता ऐकून घामाघूम झाला!"

मागे पेपर खाली आला. कोट तोच, टोपी तीच.

"पोलीस अजून यायचाय," बाबा म्हणाले. "तो आला की राधाबाईंना पुढे कर. स्टोव्हचं सांगू दे. आणि फटाक्यांचंही खरं तेच सांगू दे." एवढं बोलून ते कंबर सावरत चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. आमच्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं.

जयवंत माझ्याकडे बघत राहिला. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"पोलीस नव्हते... मग ते चौकशी कशाची करत होते?"

"सोनूबाईंना पहिल्यांदा जी वाटली होती, तीच."

त्याच्या चेहऱ्यावर कळल्याचं हळूहळू उमटत गेलं. काउंटरची कड त्याने घट्ट धरली. हात थरथरत होते, पण तो जागचा हलला नाही.

"आणि..." तो हळूच म्हणाला, "या चौकशीची फी? ती पण मीच भरायची?"

मी गल्ला उघडला, त्याचं घड्याळ काढलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटावर, त्या पांढऱ्या पट्ट्यावर बांधलं.

"नाही. ज्याला हवंय त्याने भरायची," मी म्हटलं. "हा अर्ज माझा होता."