शेजाऱ्याचं नाक

दार उघडलं, तर समोरच्या खोलीत नव्यानेच राहायला आलेला तो — नाकाला रुमाल, डोळे मात्र हसरे.

"माफ करा हं... तुम्ही मासे वाळत घातलेत का?"

माझ्या हातात अर्धवट शिवलेला कोट होता. मी त्याच्या अस्तराइतकी लाल झाले.

"मासे नाहीत... आमचा ढोल्या आहे."

मागे माझा म्हातारा कुत्रा फरशीवर बूड घासत निघाला होता. "त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथी तुंबतात. मग गळतात, आणि—"

"अरे बापरे! माझं पोटच नाकावर चालतं हो. चहाचा पारखी आहे मी."

मला वाटलं, आता हा घरमालकाकडे जाणार. पण तो खाली बसून ढोल्याचे कान खाजवू लागला.

दोन महिन्यांत त्याचं नाक इतकं तयार झालं, की जिन्यातच सांगायचा, "आज किंचित आहे हं!" मग मी ढोल्याला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन ग्रंथी रिकाम्या करून आणायची. जेवणात उकडलेला लाल भोपळा आणि वजन उतरवायला रोज फेरी, असं त्यांनी सांगितलं होतं. फेरीला तोही येऊ लागला.

"याला तुझ्या कुत्र्यात फारच रस दिसतोय गं," ताई म्हणाली.

"गप गं!"

एवढं करूनही तिसऱ्यांदा ग्रंथी पिकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काढलेल्याच बऱ्या. पण वय झालंय त्याचं... आणि नंतर शी रोखता न येण्याची थोडी भीती असते."

ढोल्या बाबांचा. बाबा गेल्यावर त्यांची तेवढीच आठवण उरलेली. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी मी, पण ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला उचललेलं पेन परत खाली ठेवलं.

"त्याचं कण्हणं तुम्हाला ऐकवत नाही ना?" सोबत आलेला तो हळूच म्हणाला. "मग थोडं आपण भिऊ. त्याची सुटका होऊ दे."

मी सही केली. दोन तास आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो. हात धरायचं धाडस होईना, म्हणून त्याने माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

ढोल्याने आठवडाभर गोधड्या घाण केल्या, मग खडखडीत बरा झाला. आणि... दारावरची टकटक थांबली. जिन्यातही तो मान खाली घालून निघून जायचा. कुत्रा बरा झाला म्हणून हिरमुसलेली जगात मी एकटीच असेन!

तिसऱ्या रविवारी दार वाजलं.

"वास येतोय?" मी धसकून विचारलं.

"छे! रोज इथे उभा राहून हुंगतोय. काही म्हणता काही येत नाही."

"मग?"

"मग... यायला कारणच सापडेना. म्हणून आज विनाकारण आलोय."

"विनाकारण कोणी येतं होय?" मी मुद्दाम म्हटलं.

"आवडतेस गं तू मला—" तो बोलून गेला, आणि गडबडला. "म्हणजे... तुम्ही... तुम्ही मला—"

"अंहं," मी दार सताड उघडलं. "'तू'च राहू दे. आत ये."