खांद्यावरचा नारिंगी केस

"घरी मांजर आहे का?"

ना ओळख ना पाळख, आणि पहिलाच प्रश्न हा! जागृतीनं मान वर करून पाहिलं. टेबलामागचा पोरगा अगदी गंभीर होता.

बोईसरच्या एमआयडीसीतली ती औषधांची कंपनी. गोळ्यांच्या पॅकिंगला जायचं तर दारातच नलूताई अंगावरून चिकट रोलर फिरवायच्या, कागद सोलायच्या आणि टेबलावर द्यायच्या. तिथं हा नवा क्वालिटीवाला केतन तो दिव्याखाली धरून बघायचा. आजच्या कागदावर एक बारीक नारिंगी केस होता.

"आहे," जागृती म्हणाली. "का? मांजर पाळायलाही परवानगी लागते इथं?"

"पाळायला नाही. आत न्यायला लागते." ओठ हसले नाहीत, डोळे मात्र हसले. "कपडे बदलून या. आणि हे मला वर कळवावं लागेल."

"एका केसासाठी?"

"गोळ्यांच्या पाकिटात निघाला, तर आजारी माणसाला तो एकच पुरतो."

खरंच होतं ते. म्हणून तर तिला जास्त राग आला.

तो केस सोड्याचा. जागृतीचं घर मुरब्याला, समुद्राला लागून. आई चंद्रकांता मासे सुकवायची, विकायची. जाळ्यांच्या ढिगात सापडलेलं ते पिल्लू कोळंबीच्या सुकवलेल्या सोड्यांच्या रंगाचं निघालं, म्हणून नाव सोड्या. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जागृतीनंच त्याला जगवलं होतं. आता तो घरभर मालकासारखा हिंडायचा आणि जाईल तिथं केस पेरायचा. उन्हाळा लागला तसा तर गादीवर, चटईवर, आईच्या लुगड्यावर, जिथं बघावं तिथं सोड्याच.

पुढच्याच आठवड्यात दुसरा केस सापडला. या वेळी साहेबांनी बोलावून घेतलं. पुन्हा झालं तर पॅकिंग बंद, आणि नोकरी पक्की व्हायची आशा सोडायची, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर आईनं तिचा चेहरा वाचला.

"त्याला सातपाटीच्या बंदरावर सोडून ये," आई म्हणाली. "तिथं मावरा हाय. उपाशी नाय मरायचा."

"आये, तो मला सोडून झोपत पण नाय गो."

"मग नोकरी सोड. दोन्ही कसं जमंल?"

जागृती त्या दिवशी जेवली नाही. सोड्या मात्र तिच्या मांडीवर पोट वर करून पसरला होता. त्याला काय सोयरसुतक!

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती एसटीची वाट बघत उभी होती, तर केतनची मोटारसायकल पुढ्यात येऊन थांबली.

"रागावलात ना?"

"नाही. आरती ओवाळते, थांबा."

"दोन्ही वेळा मीच कळवलं. तिसरा सापडला तर तोही कळवीन." त्यानं हेल्मेट काढलं. "पण तिसरा सापडू नये, यासाठी... मदत करू शकतो. आमच्या सफाळ्याच्या घरी भाताच्या कणगीपाशी कायम चार-दोन मांजरं असतात. त्यांच्यातच वाढलोय मी. इथं पाम गावात खोलीवर मालक पाळू देत नाही, नाहीतर..."

"नाहीतर तुमच्याही कागदावर केस निघाले असते," जागृती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

रविवारी तो मुरब्याला आला. पाहतो तर काय, ओट्यावर बादली, साबणाचा फेस आणि त्यात बुडवलेला, जगावर रुसलेला सोड्या.

"हे काय चाललंय?"

"अंघोळ. रोज घालते. सुटे केस पाण्यातच निघून जातात ना? आणि वासही मारत नाही."

"रोज? कपड्यांच्या साबणानं?"

"मग काय, अत्तर लावू?"

केतननं कपाळावर हात मारला. तेवढ्यात आईनं सोड्याच्या पुढ्यात मूठभर खारी सुकट टाकली. घरात ढिगानं पडलेली, मग मांजराला वेगळं कशाला रांधायचं, असा सरळ हिशेब. केतननं ओल्या सोड्याला टॉवेलात गुंडाळलं, टोपलीत ठेवलं आणि जागृतीला मागं बसवून पालघरला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. सोड्या वाटभर शिव्या घालत होता.

डॉक्टरांनी कातडी तपासली. केस गळणं हा रोग नाही, म्हणाले, मांजराचे केस बारा महिने गळतात, उन्हाळा लागताना जास्त. पण रोजच्या साबणानं कातडी कोरडी पडलीय, त्यात खारा सुका मासा. अंघोळ बंद, ताजा मासा बिनमिठाचा उकडून द्या, पाणी भरपूर ठेवा आणि रोज विंचरा. कुठं टक्कल पडलं किंवा सारखं खाजवायला लागलं, तर मात्र घेऊन या.

"बिनमिठाचा?" रात्री आई करवादली. "जावई हाय का तो, येगला रांधायला?" पण सकाळी चुलीवर छोटं भांडं चढलेलं होतं.

मग दर रविवारी केतन यायचा. मांजराच्या निमित्तानं हो, दुसरं काय! मऊ ब्रश त्यानंच आणला. केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं, मानेपासून शेपटीकडे कसं न्यायचं ते तो दाखवायचा. शेवटी ओला तळवा फिरवला की उरलेसुरले केस हाताला चिकटून यायचे. सोड्या आधी बोचकारायचा, मग डोळे मिटून घुरघुरायला लागला.

"कंपनीचे कपडे कुठं ठेवता?" एकदा त्यानं विचारलं.

"त्या टोपलीत. धुऊन, घडी करून."

"आणि सोड्या कुठं झोपतो?"

जागृतीनं जीभ चावली. त्या दिवसापासून कपडे चेनच्या पिशवीत, खुंटीवर उंच गेले. घरातून निघताना ती दुसराच ड्रेस घालायची आणि कंपनीत बदलायची.

विंचरताना कधी एकाच पाठीवर दोघांचे हात यायचे. मग दोघंही उगाच समुद्राकडे बघायचे... वाऱ्यावर सुकत्या बोंबलांचा वास यायचा आणि जागृतीला तोसुद्धा बरा वाटायचा. आता सांगा, हे प्रेम नाही तर काय? पण बोलायचं कुणी? ती त्याच्या तोंडाकडे बघायची, तो सोड्याच्या.

तिचे कागद कोरे निघू लागले. साहेबांनी नोकरी पक्की केल्याचं सांगितलं, त्यानंतरच्या रविवारी मात्र केतन आलाच नाही. मांजराचं काम झालं, म्हणजे संपलंच का सगळं? तिनं दिवसभर सोड्याला इतकं विंचरलं, की तो कंटाळून पत्र्यावर जाऊन बसला.

सोमवारी ती सकाळच्या शिफ्टला नेहमीच्या एसटीनं आली. टेबल रिकामं, म्हणून दारातच खोळंबली. केतन उशिरा, धापा टाकत पोचला. टेबलावर बसण्याआधी त्याचीही तपासणी व्हायची. नलूताईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि रोलर जागृतीच्या हातात दिला.

"माझा खांदा दुखतोय गं. तू फिरव."

जागृतीनं रोलर फिरवला. कागद सोलला, दिव्याखाली धरला.

नारिंगी केस. एक नाही, चांगले पाच-सहा.

"घरी मांजर आहे का?" तिनं विचारलं.

केतनचे कान लाल झाले. "नाही."

"मग हे कुणाचे?"

"आज सकाळी तुम्ही निघालात... त्यानंतर गेलो होतो मुरब्याला. आईंना भेटायला." तो अडखळला. "काल दिवसभर खोलीवर बसून काय बोलायचं तेच ठरवत होतो. तुम्हाला विचारायचं धाडस होईना, म्हणून..."

"म्हणून आईला विचारलंत?"

"नाही. म्हटलं, तुम्हाला विचारायचंय, विचारलं तर चालेल ना? त्यांनी नुसता चहा पुढ्यात ठेवला. सोड्या मात्र खांद्यावर चढून बसला. उतरेचना."

नलूताईंनी भिंतीकडे तोंड केलं. "मांजर डोळे मिटून दूध पितं," त्या भिंतीलाच म्हणाल्या, "त्याला वाटतं कुणाला दिसत नाही."

जागृतीचा कालचा सगळा रुसवा कुठल्या कुठं गेला. पण हातातला कागद तिनं खाली ठेवला नाही.

"परत जा. कपडे बदलून या. आणि हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा की." तो जागचा हलेना. "पण उत्तर?"

"कसलं? तुम्ही अजून विचारलंत कुठं?"

केतननं एक मोठा श्वास घेतला. "जागृती, माझ्याशी लग्न करशील?"

तिनं कागदाची बारीक घडी केली, इतक्या सावकाश की नलूताईंनाही मान वळवावी लागली.

"रविवारी जेवायला ये," ती म्हणाली. "चुलीवर दोन भांडी असतील. बिनमिठाचं सोड्याचं. मिठाचं तुझं."