श्रेयाला आता गाडी लागत नाही

तुम्हाला थाप वाटेल. वाटू दे. मी बी.एस्सी. झालेली बाई आहे, असल्या गोष्टींवर मीच हसायचे. पण हे माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये झालंय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. दिवेलागणीची वेळ. आम्ही संभाजीनगरला, बीड बायपासजवळ फ्लॅटमध्ये राहतो. माझे मिस्टर सोमनाथ शेंद्र्याला एका कंपनीत आहेत. तिथं नव्या कामगारांना डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट लावून मशीन शिकवतात. तोच त्यांनी पोरीला गंमत म्हणून घरी आणला होता.

श्रेया सहा वर्षांची. तिला गाडी लागते. दौलताबादचा घाट आला की तोंडाशी पिशवी धरावीच लागते.

म्हणून मी नको म्हणत होते.

"लई नाजूक करून ठेवलीस पोरीला," सासूबाई म्हणाल्या.

सोमनाथनी हेडसेट लावला आणि थोड्याच वेळात श्रेया पांढरीफटक पडली. घाम सुटला. बसल्या जागी डोलायला लागली.

"आई, ही बाई मला गोल गोल फिरवतीय..."

"कोण बाई?"

"थांब म्हटलं की अजून जोरात फिरवती..."

मी सोमनाथकडं पाहिलं.

"चक्कर येतेच सुरुवातीला. आमच्याकडं सगळ्यांना येते," ते म्हणाले. मग आवाज बारीक झाला. "पण त्यात नुसती मशीन आहे गं. माणूस टाकलेलाच नाही."

श्रेया ओकली. मी हेडसेट काढायला धावले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. त्या मीठ-मिरच्या घेऊन आल्याच होत्या.

"दृष्ट काढताना माणूस हलवायचा नाय. राहू दे तसंच."

आमच्याकडं दृष्ट डोळ्यांत बघून काढतात. पोरीचे डोळे तर झाकलेले...

कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मिरच्या गॅसवर जळाल्या. ना वास, ना ठसका.

"बघ, केवढी लागली होती," सासूबाई म्हणाल्या.

मी हेडसेट काढला. घाम नाही, चक्कर नाही. श्रेया माझ्याकडं बघत होती.

पापणी न लवता...

त्याच आठवड्यात एसटीनं कन्नडला निघालो, सासूबाईंच्या गावी. मी लिंबू आणि पिशवी घेऊन तयार. घाटातल्या वळणावर सगळी गाडी एका अंगाला झुकली. श्रेया चिवडा खात बसली होती. हललीसुद्धा नाही.

"उतरली की नाय माझ्या हातानं?" सासूबाई खूश.



घरी परतलो. श्रेया टीव्ही लावून बसली. आणि बेडरूमच्या कपाटातून आवाज आला...

कोरड्या उलटीचा.

कपाटात हेडसेट होता. बॅटरी संपलेली. मी कानाला लावला.

"आई... तिला थांबव ना..."

माझ्या श्रेयाचा आवाज.

बाहेर टीव्हीपुढं बसलेली ती मागं वळून माझ्याकडंच बघत होती.

सोमनाथना हाक मारली. त्यांना काही ऐकू आलं नाही. "डोक्याला ताण घेतलाय तू," म्हणाले आणि सकाळी हेडसेट कंपनीत नेऊन दिला.

काल जेवताना सहज बोलले, "शनिवारी त्यातलं सगळं पुसून नवीन प्रोग्राम टाकणार आहेत."

माझा घास हातातच राहिला. "एकदा घरी आणा. फक्त एकदा."

"कशाला?" श्रेया म्हणाली. "पुसू द्या ना, पप्पा."

आणि तिनं शांतपणे भात कालवला.

आज गुरुवार आहे.