एकेकट्या पिंजऱ्यातली मारामारी

आमच्या प्राणिगृहात शिरण्यापूर्वी हवेने आंघोळ करावी लागते. काचेच्या अरुंद कोठडीत उभे राहायचे, बटण दाबायचे आणि चाळीस सेकंद अंगावर वारा झेलायचा. तोवर दोन्ही दारे बंद. संतापलेल्या अनोळखी पुरुषाबरोबर तिथे अडकणे ही शिक्षा कोणत्याही दंडसंहितेत नाही. कायदे करणाऱ्यांची कल्पनाशक्ती तोकडी असते, एवढाच याचा अर्थ.

त्या मंगळवारी दार मिटता मिटता तो आत घुसला. टोपी, झगा, मुखपट्टी... दिसत होते ते फक्त डोळे, आणि ते पेटलेले होते.

"तुम्हीच ना त्या कातडीवाल्या बाई?" वाऱ्यावर आवाज चढवून त्याने विचारले.

"काय?"

"कातडीवाल्या! तुमच्या तीन माद्या मारामारीत मेल्या म्हणे!"

म्हणजे हा नवा पशुवैद्य. चार महिने आम्ही त्याच चाळीस उंदरांवर काम करत होतो आणि एकमेकांना पाहिलेही नव्हते. नियमच तसा. कातडी मी लावायची. ती जगली की गळाली, हे त्याने लिहायचे, कोणत्या उंदरावर काय प्रयोग झाला ते ठाऊक नसताना.

वारा थांबला. दार उघडले. तो हलला नाही.

"सात, सतरा आणि बत्तीस." त्याने नोंदवही माझ्या नाकासमोर धरली. "'मारामारीत मृत.' खाली तुमची सही. अहो, कातडी लावलेला प्रत्येक उंदीर एकेकट्या पिंजऱ्यात असतो. मारामारी केली कुणाशी? पाण्याच्या बाटलीशी?"

"मी—"

"आणि या मयतांपैकी एक आज सकाळी मला चावली!"

मी वही घेतली. सही बरी वठली होती, पण माझी नव्हती. इंग्रजी सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ होती. मी पेन काढले, त्याचा हात ओढला आणि हातमोज्यावर 'सतरा' लिहिले. आकड्यांतच, बिनरेघेचे.

"जुळवून बघा."

त्याने पाहिले. हात मात्र मागे घेतला नाही...

"मग रेघ कोण काढतं?"

"माझ्या प्रबंधावर ज्यांची सही लागते, ते."

प्रयोग सांगायला सोपा आहे. पांढऱ्या उंदरांना किरणांनी दुबळे करून काळ्या उंदरांची अस्थिमज्जा द्यायची. ती रुजली की पांढरा उंदीर काळ्याची कातडी आपलीच मानतो. त्याच्या पाठीवर काळे ठिगळ, ठिगळावर मऊ केस. मग दुसऱ्या कुशीवर तिसऱ्याच, तपकिरी उंदराची कातडी लावायची. ती मात्र त्याने झिडकारलीच पाहिजे. एकाला स्वीकारून परक्याला झिडकारतो, तो खरा सहिष्णू. दोघांनाही ठेवून घेतो, त्याच्यात झिडकारण्याचे बळच उरलेले नसते; कुठल्याही जंतूपुढे तो टिकत नाही. या तिघींनी दोन्ही कातड्या ठेवून घेतल्या होत्या. माझ्या मार्गदर्शक सरांना निष्कर्षात एकही डाग नको होता. म्हणून त्यांनी तिघींना कागदावर मारले.

मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला.

"अगं, मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. तीन उंदरांपायी सहा वर्षं पाण्यात घालणार? मोठ्या कामात थोडं सोसावं लागतं."

आईला फोन केला. तिने तेच सांगितले, फक्त मायेने. "बाळा, तोंड आवर. सोसलं की सगळं निभतं."

"आई, सोसणाऱ्या तिघी माझ्याकडे आहेत. त्या लवकर मरतात."

तिघींना पशुवैद्याने विलगीकरणाच्या खोलीत हलवले होते. दाराबाहेर आम्ही मुखपट्ट्या काढल्या आणि चार महिन्यांनी एकमेकांचे चेहरे पाहिले.

"नाक रागाला शोभतं तुमच्या," तो म्हणाला.

"तुमचं कानांना शोभत नाही."

तो हसला. मला हसायचे नव्हते... जमले नाही.

"तक्रार केली तर माझी पदवी जाईल," मी म्हणाले.

"माझी नोकरीही. ती काही फार गोड नव्हती."

"पण तुम्हाला एवढा राग का आला?"

तो पिंजऱ्याच्या झाकणाशी उगाच चाळा करत राहिला. "रोज तुमचे टाके बघायचो. केसाएवढे बारीक, एकसारखे. वाटायचं, त्या बाजूला कुणीतरी एक माणूस आहे... आणि तीच बाई खोटं लिहिते म्हटल्यावर—डोकंच फिरलं माझं."

माझ्या सहा वर्षांची एवढी नेमकी दखल कोणत्याही नियतकालिकाने घेतली नव्हती.

चौकशी समितीच्या टेबलावर आम्ही तीन पिंजरे ठेवले. मयत क्रमांक सतरा मिशा साफ करत बसली होती. अध्यक्षांनी चष्म्यावरून विचारले, "या मेल्यात का?" सर म्हणाले, "लिहिताना चूक झाली असावी." समितीने सरांना समज दिली, या प्रयोगावरचा त्यांचा शोधनिबंध मागे घ्यायला लावला आणि मला नवा मार्गदर्शक व आणखी दोन वर्षे बहाल केली. पशुवैद्याची नोकरी टिकली, बढती गेली. सरांची खुर्ची जागची हलली नाही. 'न्याय' हा शब्द मी तेव्हापासून अवतरणचिन्हांत लिहिते.

पंधरवड्यात सात नंबर साध्या संसर्गाने गेली. ते सांगायला तो स्वतः आला आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. मी दुरुस्ती केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच काचेची कोठडी. वारा सुरू झाला तसा तो काहीतरी बोलला. मी स्पष्ट ऐकले.

"काय?"

"म्हटलं, तू—"

"ऐकू येत नाही!"

"तू मला आवडतेस!" तो ओरडला, आणि नेमका तेव्हाच वारा थांबला. शेवटचा शब्द काचेवर आदळून बाहेर गेला. बाहेर, झगा घालून, आपली पाळी येण्याची वाट पाहत सर उभे होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि काचेवर बोट वाजवले.

त्याचे कान लाल झाले. तो दाराकडे वळला. मी त्याची बाही धरली आणि सरांकडे शांतपणे पाहत पुन्हा बटण दाबले.

दोन्ही दारे मिटली. वारा सुटला.

"आता परत म्हण," मी म्हणाले. "सावकाश. चाळीस सेकंद आहेत."

"आणि ते बाहेर?"

"थांबतील. मोठ्या कामात थोडं सोसावं लागतं."