आज काच शाबूत आहे

"तिथं उभ्या राहू नका, मॅडम. डोक्यावर पडंल."

पंचशीलानं वर बघितलं. तीन नंबरच्या वॉर्डात, बाळंतिणींच्या खाटांच्या मधोमध उंच शिडी लावलेली होती आणि तिच्या टोकावर एक तरुण छताच्या बीमला जवळजवळ कान लावून बसला होता. हातात हातोडीसारखं कसलंसं यंत्र. ती एक पाऊल मागं सरली, तरी गिलाव्याचा एक पोपडा सुटलाच आणि तिच्या हातातल्या कागदांच्या गठ्ठ्यावर पडून फुटला.

"सॉरी," तो खाली उतरत म्हणाला. "पण सांगितलं होतं मी..."

"सांगितलंत आणि पाडलंत. दोन्ही एकदमच."

तो हसला. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर चुना साचलेला. तिशीच्या आतला माणूस, पण पन्नाशीचा दिसत होता. तिला हसू आलं, ते तिनं कागद झटकण्यात लपवलं.

धारूरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे एका ट्रस्टचं चाळीस खाटांचं रुग्णालय. पंचशीला आष्टीची, जवळच्या गावी खोली घेऊन राहायची. नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेत होती आणि प्रबंधासाठी तिनं इथल्या बत्तीस सिस्टर निवडल्या होत्या. कामाचा ताण, झोप, भीती यांवर प्रत्येकीला एकवीस प्रश्न. शिडीवरचा तो प्रविण, उमापूरचा. संभाजीनगरला पीएच.डी. करत होता. वय झालेल्या काँक्रीटच्या इमारतींत किती जीव उरलाय, हा त्याचा विषय.

"म्हणजे माणसं किती थकलीत ते तुम्ही मोजणार आणि इमारत किती थकलीय ते मी," तो म्हणाला. "माझं बरं हाय. बीम खोटं बोलत न्हाई."

"सिस्टरही बोलत नाहीत. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच."

"मला विचारा की."

"तुम्ही सिस्टर नाही."

"सराव म्हणून."

तिनं उगाच गंभीर चेहरा करून वरचा कागद काढला. "गेल्या आठवड्यात, कामावर असताना छातीत धडधड झाली का? अजिबात नाही, कधीकधी, बऱ्याचदा, की सतत?"

प्रविणनं थोडा विचार केला. "गेल्या आठवड्यात न्हाई," तो म्हणाला. "या आठवड्याचं... आत्ताच सांगता येणार न्हाई."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. पुढचा प्रश्न काय होता, ते तिला आठवेना.

बीम जिथं भिंतीला मिळत होता तिथं एक तडा होता. त्यावर त्यानं आडव्या तीन पातळ काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. तडा केसभर जरी सरकला तरी काच तुटते, त्यानं समजावलं. तो आठवड्यातून दोनदाच येणार. मधल्या दिवसांत कुणीतरी बघायला हवं.

"तुम्ही रोज इथंच असता... फोटो पाठवाल? प्रबंधासाठी."

"अर्थात. प्रबंधासाठीच."

असा नंबर दिला गेला.

पंचशीलाचा स्वभाव मुळातच काळजीचा. गॅस बंद केलाय का हे दोनदा बघणार, भरलेले कागद तीनदा मोजणार. आता त्यात काचेची भर पडली. सकाळी बसमधून उतरली की ती आधी तीन नंबरला जायची. खाटांवर बायका बाळांना पाजत असायच्या आणि ती मान वर करून त्या तड्याकडे बघत राहायची. मग फोटो, आणि खाली एकच ओळ: आज काच शाबूत आहे.

पलीकडून यायचं, "छान. आणि तुम्ही?"

"मीही."

एक दिवस तिचा निरोप गेला नाही. साडेदहाला फोन वाजला. "काच शाबूत आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "मोबाईल चार्ज नव्हता."



"काचेसाठी फोन नव्हता केला मी," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी तो आला तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. डोंगरातली सीताफळं बाजारात आली होती, त्यातली चार तो रुमालात बांधून घेऊन आला. दोघं रुग्णालयाच्या मागच्या पायऱ्यांवर, पत्र्याखाली बसले. बिया तोंडातून काढताना ती दर वेळी तोंड फिरवायची. तो मुद्दाम त्याच बाजूला सरकून बसला.

"तुमचे हात गार का असतात हो?" बी घ्यायला म्हणून त्यानं पुढं केलेला हात तिच्या बोटांना लागला होता.

"काळजीनं."

"कशाची?"

"आज? काचेची." ती थांबली. "आणि... असंच."

'असंच'मध्ये बरंच होतं. उमापूरला त्याच्या घरची चाळीस एकर जमीन, चुलते गावच्या राजकारणात. आणि तिचे वडील ज्ञानोबा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्या घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर रोज वंदना व्हायची. त्यानं कधी तिचं आडनाव विचारलं नव्हतं. चांगुलपणानं विचारलं नव्हतं की तिचं घर कोणतं हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायचं धैर्य होत नव्हतं.

ऑक्टोबरात कागद भरून झाले. आकडे मांडले तेव्हा पंचशीला चक्रावली. काम सगळ्या वॉर्डांत सारखंच, पाळ्या सारख्याच. पण झोप उडालेल्या, जीव घाबरा होणाऱ्या सिस्टर जवळजवळ सगळ्या तीन नंबरच्या. रुग्णालयानं उन्हाळ्यात त्यांच्यासाठी दीर्घ श्वसनाचं शिबिरही घेतलं होतं. फरक शून्य.

तिनं मनकर्णा सिस्टरला गाठलं. एकतीस वर्षं नोकरी झालेली बाई, तीन नंबरची इन्चार्ज.

"मनकर्णाताई, तुमच्याच वॉर्डात असं का?"

मनकर्णाताई पाळण्याची दोरी बांधत होत्या. "वरून आवाज येतो, पोरी. कटकट, कटकट. दुपारी दोनला मोटर लागती, टाकी भरती, तवा. गेल्या साली टाकी वर चढवली ना, तवापासून."

"मग सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं की. म्हनले, तुमाला ताण आलाय, श्वास घ्या."

पंचशीलानं त्याच क्षणी फोन लावला. मनकर्णाताईंचं बोलणं प्रविणला सांगितलं.

"कसली टाकी?" तो म्हणाला. "माझ्या नकाशात तीन नंबरवर टाकीच न्हाई. मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाची मोजली. हे मी बघायला पायजे होतं..." त्याचा आवाज बदलला होता. "पंचशीला, मी निघतोय. मिळंल त्या बसनं. तोवर टाकी भरू देऊ नका."

त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. ते नंतर तिच्या लक्षात आलं.

व्यवस्थापक गहिनीनाथराव मीटिंगला गेले होते. मोटरचं बटण कुलपात, आणि मोटर वेळ झाली की आपोआप लागणारी. दोन वाजता मोटर लागली. पंचशीला वॉर्डात उभी राहून वर बघत होती. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मग तिला तो आवाज ऐकू आला, बारीक, बोटं मोडल्यासारखा. मधल्या पट्टीवर एक रेघ उमटली आणि काचेचे सरळ दोन तुकडे झाले.

तिनं फोन लावला. प्रविण घाटात असावा, लागेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

वॉर्डात नऊ बाळंतिणी होत्या. एकीचं सिझर आदल्या दिवशीचं.  आपण इथं कोण? विद्यार्थिनी. काच तापूनही तुटत असेल. चिकटवलीच चुकीची असेल. सगळ्यांना हलवलं आणि काहीच झालं नाही तर लोक हसतील... आणि नाही हलवलं तर?

"मनकर्णाताई," ती म्हणाली, "सगळ्यांना खाली ओपीडीच्या हॉलमध्ये न्यायचं. आत्ता."

मनकर्णाताईंनी वर बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पहिलं बाळ उचललं.

सहावी खाट खाली जाणाऱ्या रॅम्पजवळ पोचली तेव्हा गहिनीनाथराव आले. "कुणी सांगितलं हे? एका काचेवरून? गावात बोभाटा झाला तर जबाबदार कोण? तुमच्या कॉलेजला पत्र जाईल. उद्यापासून इथं पाऊल ठेवायचं नाही."

दोन वर्षांचं काम.   तरी तिनं खाटेचा दांडा सोडला नाही.

"साहेब, पत्र पाठवा," ती म्हणाली. "पण जरा बाजूला व्हा, खाट वळत नाहीये."

"आन् बाळंतीण हलवायला मला कुणाची सही लागत न्हाई," मागून मनकर्णाताई म्हणाल्या. गहिनीनाथराव बाजूला झाले.

चार वाजता प्रविण धावत आला. तुटलेली काच बघितली, गच्चीवर गेला, टाकी रिकामी करवली. साडेपाचपर्यंत बीमखाली लोखंडी टेकू लागले. मग त्यानं छिन्नीनं तड्याजवळचं काँक्रीट फोडलं आणि गहिनीनाथरावांना शिडीवर बोलावलं. अंगठ्याएवढी असायला हवी ती सळई गंजून पेन्सिलीच्या शिशाएवढी उरली होती. त्यांनी सळईला बोट लावून बघितलं. उतरताना शिडी घट्ट धरून उतरले. पत्र मात्र गेलं नाही.

पंचशीला मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.  प्रविण आला, एक पायरी खाली बसला.

"काही पडलं नाही," ती म्हणाली.

"पडलं असतं. दिवाळीच्या आधी." त्यानं कपाळ पुसलं. "माझ्या यंत्रानं सांगितलं न्हाई, ते तुमच्या बत्तीस कागदांनी सांगितलं. शोधनिबंध दोघांनी मिळून लिहायला हवा. नावं शेजारीशेजारी येतील."

"तिथपर्यंतच?"

शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. प्रविण वळून बघत राहिला.

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "तिथपर्यंत न्हाई. मला... मला तुमच्याशी लग्न करायचं हाय. घाटात फोन लागत नव्हता तेव्हा दुसरं काही सुचतच नव्हतं."

 पण विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं होतं. "माझं घर कोणतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत हाय. पहिल्याच आठवड्यापासून. आईला सांगून चार दिवस झाले. तीन दिवस बोलली न्हाई. काल म्हणाली, पोरीला एकदा घेऊन ये."

 पंचशीला म्हणाली, "मी आधी येणार नाही. आधी त्यांनी आष्टीला यायचं. आमच्या घरात बसायचं, आमच्याकडचं खायचं-प्यायचं. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या ओट्याखाली उभं राहायचं नाही असं ठरवलंय. मीही नाही राहणार."

"सांगतो," तो म्हणाला.

"त्या नाही म्हणाल्या तर?"

 त्यानं तिचा गार हात हातात घेतला आणि दिवेलागण होईपर्यंत सोडला नाही.

नंतरचे नऊ दिवस पंचशीलाला घास गेला नाही. तिनं घरी सगळं सांगून टाकलं, आणि शनिवारी प्रविणचा निरोप आला: उद्या अकराला आईला घेऊन येतो. रविवारी सकाळी वडिलांनी धुतलेला सदरा घातला, काढला, पुन्हा घातला. आईनं, चतुराबाईनं, पोहे दोनदा गरम केले. अकरा वाजून गेले. बारा. वडील म्हणाले, "येणार नाहीत, बाळा. वाईट वाटून घेऊ नको." 

सव्वाबाराला गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. आधी प्रविण उतरला, मग त्याच्या हाताला धरून एक धिप्पाड, पांढऱ्या केसांची बाई. त्याची आई, चंद्रभागाबाई. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणसं होती. त्या कुणाकडे न बघता सरळ चालत आल्या, उंबऱ्याशी थबकल्या. पंचशीला दारात उभी होती. 

चंद्रभागाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पदरानं मान पुसली, उंबरा ओलांडून आत आल्या आणि सतरंजीवर फतकल घालून बसल्या.

"टायर फुटलं मधी, म्हनून उशीर झाला," त्या म्हणाल्या. "पाणी दे, पोरी. लई ऊन हाय."