पकडण्याचं पेटंट

मावशीचा बोका टोपलीतून निसटला, तेव्हा प्राण्यांच्या दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांनी पाय वर घेतले. बोका खुर्च्यांखालून, वजनकाट्यावरून, कपाटामागून धावत सुटला आणि त्याच्यामागे ती, मावशीची भाची.

खिडकीशी एक तरुण मांडीवर खोकं घेऊन बसला होता. खोक्यात कासव होतं. त्याने खोकं शेजारच्या बाईंच्या हवाली केलं, तिथला एक टॉवेल उचलला आणि नेम धरला.

"अहो, आत्ता नको!" ती ओरडली. "आधी दमू द्या त्याला. दमला की थांबेल, थांबला की फेका!"

तो थांबला. बोका दोन कपाटांच्या मधल्या कोपऱ्यात शेपटी फुगवून धापा टाकत बसला. टॉवेल अलगद त्याच्या अंगावर पडला... आणि बोका टॉवेलासकट टोपलीत.

"पकडला!" ती म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली.

"काय झालं?"

"काही नाही. तो शब्द आम्ही... वापरत नाही."

"कुठला? पकडला?"

"हळू बोला ना!"

तो हसला. हसू गालाच्या एकाच बाजूला जाणारं होतं, आणि तिला ते आवडलंही. पण त्यानंतर तो जे बोलला ते ऐकून ती चपापली.

"जनावर आधी दमवायचं, मग त्याच्यावर काहीतरी फेकायचं, मग ते आपलं. जपून हं... त्याचं पेटंट आहे."

त्याच वेळी कासवाला आत बोलावलं. तो गेला. ती टोपली घट्ट धरून बसून राहिली. हे याला कसं माहीत?

ती एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमसाठी प्राणी काढायची. बोटांना कायम शाई, म्हणून ऑफिसात तिचं नावच शाई पडलं होतं. त्यांच्या गेममध्ये खेळणाऱ्याने रानोमाळ भटकून चित्रविचित्र प्राणी गोळा करायचे. प्राणी दमला की त्याच्यावर पोतं फेकायचं. खेळ बघता बघता लोकांच्या तोंडी बसला, आणि मग एका भल्यामोठ्या कंपनीची नोटीस आली. प्राणी गोळा करायचे खेळ त्यांचेही होते, आणि दमलेल्या प्राण्यावर वस्तू फेकून तो पकडण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांच्याकडे होतं. खटला हरले तर खेळ बंद, आणि खेळ बंद तर ऑफिसला कुलूप.

त्यांच्या वकीलबाईंनी सगळ्यांना दम भरला होता. अनोळखी माणसाशी खेळाबद्दल अवाक्षर नाही. आणि 'पकडणे' हा शब्द तर ऑफिसात उच्चारायचासुद्धा नाही. आपण प्राणी पकडत नाही, आपण त्यांना 'सोबत घेतो'. झालं! तेव्हापासून हिशेबनीस रोज संध्याकाळी घड्याळ बघून म्हणायचे, "निघतो, मला सहाची बस सोबत घ्यायची आहे." कुणाला सर्दी झाली की, "मला सर्दीने सोबत घेतलंय."

आणि ही बया भर दवाखान्यात तोच शब्द ओरडली होती. तेही कुणासमोर?

पुढच्या आठवड्यात बोक्याला पुन्हा दाखवायची खरं तर गरज नव्हती. तरी ती गेली. त्या माणसाचा छडा लावायला, असं तिने स्वतःला सांगितलं. केस मात्र दोनदा विंचरले.

तो होता. मांडीवर खोकं.

"काय झालंय कासवाला?" तिने विचारलं.

"जेवत नाही."

"कधीपासून?"

"माझ्या हिशेबाने महिना झाला. त्याच्या हिशेबाने आत्ताच." मग तो गंभीर झाला. "तुम्हाला एक सांगायला हवं. त्या पेटंटवर... माझं नाव आहे. ती पद्धत मी शोधली."

ती ताडकन उठली. "म्हणजे मी कोण ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं!"

"नाही हो. तुम्ही बोक्यावर ओरडलात तेव्हा कळलं. 'दमू द्या, मग फेका' असं आपल्या धंद्याबाहेरचं कोण ओरडेल?"

"आणि आज? आज मुद्दाम आलात?"

"कासवाची तारीख होती. तुम्ही?"

"बोक्याची..." ती म्हणाली आणि रिकाम्या हातांकडे बघत राहिली. बोका ती घरीच विसरली होती.

दवाखान्याजवळच्या चहाच्या दुकानात त्यांनी अट ठरवली की खेळाबद्दल एक शब्द नाही. त्याने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. ती त्या मोबाइलकडेच बघत होती. सगळं बोलणं टिपत असेल तर? त्याने ते ओळखलं, मोबाइल उचलला आणि खोक्यात कासवापाशी ठेवून झाकण लावलं.

"आता काय ऐकायचं ते हे कासवच ऐकेल. आणि ते कुणाला सांगायला जाईपर्यंत खटला संपलेला असेल."

तिला हसू आवरलं नाही. पण हसता हसता मनात एक बारीक आवाज होताच... गोड बोलणाऱ्या माणसांपासूनच जास्त जपून असावं, शाई.

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. रस्त्यावर गाड्यांची रीघ. तो कडेला थांबला आणि म्हणाला, "ओलांडायचंय. तुमचा हात... तुमच्याकडे तो शब्द चालत नाही ना? सोबत घेऊ का?"

"वकिलांना विचारून सांगते," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मावशी घरी म्हणाली. तोवर भेटी वाढल्या होत्या, आणि मावशीने त्याचं नाव 'कासववाला' ठेवलं होतं. "एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस, आणि त्याला चहा प्यायला तूच सापडलीस?"

"का, मी काय वाईट आहे?"

"तू वाईट नाहीस गं. तू भोळी आहेस. ते जास्त वाईट."

मावशीचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं असतं, पण तेवढ्यात ती गोष्ट घडली. दोघं एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली पाऊस थांबायची वाट बघत होते. पत्र्यावरून धारा गळत होत्या. तो धारेखाली बोट धरून सहज बोलावं तसं बोलला.

"कॉलेजात असताना मी एक खेळ केला होता. एक उडणारा मासा. तो दमला की त्याच्यावर टोपी फेकायची. वार्षिक प्रदर्शनात ठेवला होता. बाहेरचे लोकसुद्धा खेळून गेले, रांग लागली होती."

"नोकरीच्या आधी?" तिने विचारलं.

"कितीतरी आधी."

वकीलबाईंचं वाक्य तिच्या कानात वाजलं. जी गोष्ट आधीच चारचौघांत दाखवून झालेली असते, तिचं पेटंट टिकत नाही. असं एखादं उदाहरण शोधा, आपण सुटलो! सगळं ऑफिस तेच शोधत होतं, आणि ते इथे, पत्र्याखाली, तिच्या ओंजळीत आयतं येऊन पडलं होतं.

आयतं... म्हणूनच तर ती घाबरली.

"उंदरापुढे खोबऱ्याचा तुकडा कोण ठेवतं?" मावशीने कांदा चिरता चिरता विचारलं. "उंदीर पकडणाराच ना?"

"मावशी, तो शब्द..."

"बरं, सोबत घेणारा! तुम्ही कोर्टात ही गोष्ट सांगायची, ती खोटी निघायची, आणि तुमचं हसं व्हायचं. डाव असेल, बघ."

तिने दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. प्राणी काढायला बसली तर प्रत्येक प्राण्याचं हसू एकाच गालावर जायला लागलं. शेवटी तिने त्याला बोलावलंच, त्याच चहाच्या दुकानात. चहा यायच्या आधीच विचारलं.

"ते माशाचं... चुकून बोललात की मुद्दाम?"

त्याने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"मुद्दाम."

"खोटं आहे?"

"नाही! खरं आहे. फोटोसुद्धा सापडतील. कंपनीने पेटंट घेतलं तेव्हा मी गप्प बसलो. नवीन होतो, नाव छापून आलं, आईने पेढे... म्हणजे, घरी सगळे खूश होते. आता त्याच पेटंटापायी तुमचं ऑफिस बंद पडणार. मला झोप लागत नाही. पण साहेबांपुढे उभं राहून बोलायचं... वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही सांगाल."

पाऊस काचेवर टिकटिक करत होता.

"म्हणजे माझा संशय बरोबर होता," ती हळूच म्हणाली. "तुम्ही माझा उपयोगच करत होतात. फक्त मला वाटलं होतं त्याच्या उलट्या बाजूने."

"शाई, तसं नाही..."

"तसंच आहे. ऐका. परवा तुमची साक्ष आहे. तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. आमची माणसं घरी बसलेली मला बघवणार नाहीत. पण मग पुन्हा भेटायचं नाही. माझ्या खांद्यावरून बंदूक चालवणारा माणूस मला नको."

चहा आला. तो तसाच राहिला.

साक्षीच्या दिवशी ती मागच्या रांगेत बसली होती. तो पुढे उभा होता, कडक इस्त्रीच्या शर्टात, ओळखू न येण्याइतका नीटनेटका. तिने स्वतःला बजावलं, फार आशा धरू नकोस. आयुष्यभर गप्प बसलेली माणसं एका दिवसात बोलायला लागत नाहीत. हेच बरं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

वकीलबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. "ही पद्धत तुम्ही पेटंटाच्या आधी कुठे दाखवली होती का?"

त्याच्या कंपनीचे वकील कागद चाळत होते. उत्तर त्यांना पाठ होतं.

तो बोलेना. एक क्षण... आणखी एक.

"हो," तो म्हणाला. आवाज फाटला होता. त्याने घसा साफ केला. "हो. दाखवली होती. सगळ्यांना."

कागद चाळायचा आवाज थांबला. मग तो मासा, ती टोपी, ती रांग... सगळं त्याने सांगितलं, अडखळत, पाणी मागत, पण शेवटपर्यंत. आणि सांगताना त्याने एकदाही मागे वळून तिच्याकडे बघितलं नाही. तो हे तिला दाखवायला बोलत नाहीये, अशी तिची खात्री पटली ती त्यानेच.

मधल्या सुट्टीत बाहेर एकच गलका झाला. व्हरांड्याच्या दोन बाजूंना दोन बाकं होती, एक यांच्या माणसांचं, एक त्यांच्या. यांच्या बाकाशी हिशेबनीस एकेकाचे हात हातात घेऊन हलवत होते. समोरच्या बाकावर तो एकटाच होता. त्याच्या कंपनीची माणसं त्याला वळसा घालून, न बघता निघून गेली होती.

ती व्हरांडा ओलांडून गेली.

"नोकरी?" तिने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत तरी आहे." तो ओढून हसला. "तुमच्यासाठी बोललो असं नका समजू. ते माझं मलाच बोलायचं होतं. तुमच्यासाठी एक वेगळं वाक्य आहे. पण ते आज म्हटलं तर तुम्हाला वाटेल, बक्षीस मागतोय."

"वाटेल खरं."

"मग थांबतो."

"किती थांबणार? मी फार संशयी आहे. रोज नव्याने खात्री करून घेईन."

"रोज?" तो म्हणाला, आणि त्याच्या गालाच्या त्या एका बाजूला काहीतरी हललं. "रोज म्हणजे... रोज भेटून?"

पलीकडून वकीलबाईंनी हाक मारली, "शाई! अगं, तिकडे कुठे? ती त्यांची बाजू आहे."

"माहीत आहे, बाई!" तिने तिथूनच उत्तर दिलं. मग बाकाकडे वळून ती हळूच, पहिल्यांदाच एकेरीत म्हणाली, "सरक ना जरा."