उजवीकडचे हातमोजे

ही गोष्ट खरी आहे. नाही पटली तर सोडून द्या, मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण माझी मावशी खोटं बोलत नाही. ती शास्त्रज्ञ आहे. मोजल्याशिवाय ती चहात साखरसुद्धा घालत नाही!

आणि हो, हे मध्यरात्री घडलेलं नाही. वीज गेली नव्हती, कुत्री रडत नव्हती.

शनिवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. मावशीच्या लॅबमधले सगळे दिवे चालू.

आणि तरीही...

आधी लॅबचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मावशी सोलर सेल बनवते. काचेच्या छोट्या तुकड्यावर एका अर्धवाहक पदार्थाचा थर चढवायचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. त्यावर ऊन पडलं की वीज तयार होते. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या थराला हवा बाधते. म्हणून सगळं काम एका बंद पेटीत चालतं. तिला ग्लोव्हबॉक्स म्हणतात. पुढे काच, आत हवेऐवजी नायट्रोजन, आणि काचेतच बसवलेले काळे रबरी हातमोजे. खांद्यापर्यंत लांब. बाहेरून त्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं.

आता हे नीट ऐका.

आतल्या वायूचा दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त ठेवतात. त्यामुळे कुणी हात घातलेले नसले, की ते मोजे फुगून बाहेर येतात. खोलीत. ताठ. पेटीतून कुणीतरी हात पुढे करून उभं असावं, तसे...

मावशीच्या पेटीला अशा दोन जोड्या होत्या. डावीकडची मावशीची.

उजवीकडची कुणाचीच नाही.

निदान मावशीला तसं वाटायचं.

मावशीची तिशी कधीच उलटली होती. पीएचडी झाली, मग एका शहरात दोन वर्षं, दुसऱ्यात दोन, मग हे तिसरं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! करार संपला की बॅग भरायची. आजी फोनवर विचारायची, "अगं, अजून किती शिकणार? शिकून शिकून दात पडतील!"

"शिकत नाहीये गं आई, नोकरी करते."

"मग ती दर दोन वर्षांनी संपते कशी?"



आणि मग एक दिवस लॅबच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, मावशीला बोलावलं. विभागात एक कायमची जागा निघाली होती. सर म्हणाले, "आपला तो सेल समितीसमोर पुन्हा करून दाखव. जागा तुझी."

तो सेल!

त्या एका सेलने लॅबचं नाव झालं होतं. पण नंतर तो कुणालाच जमला नव्हता. तीच काच, तीच रसायनं, तेच यंत्र. घोडं अडायचं ते एका थेंबापाशी. काच गरगर फिरत असताना तिच्यावर एक थेंब टाकायचा असतो. नेमक्या क्षणी. लवकर पडला तर थर गढूळ. उशिरा पडला तर पांढरे डाग. बरोबर पडला तर मात्र आरसा! काळा, चकचकीत, तोंड दिसेल असा.

मावशीचे आजवरचे सगळे थर गढूळ होते.

"हातगुण लागतो ताई," पंपवाली म्हणाली. ही लॅबमधली पीएचडीची मुलगी. सगळे पंप तीच सांभाळायची, आणि हसायचीही पंपासारखीच, आधी धापा टाकत आणि मग एकदम फुस्स. "टकटकचा होता तसा."

"कोण टकटक?"

"तुला माहीत नाही? तो सेल तिनेच तर केला! थेंब टाकायच्या आधी पेटीत चिमट्याने दोनदा टकटक करायची. ताल धरायची म्हणे. उजवीकडे बसायची."

"मग आता कुठे असते?"

पंपवाली हसली नाही.

"तिलाही त्या वेळी कायमची जागा देणार होते. दिली दुसऱ्याला. ती सामान बांधून निघाली आणि रस्त्यात गाडीच्या अपघातात गेली. त्या सेलवरचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, छापून यायच्या आधीच. आणि छापून आला तेव्हा तिचं नाव पहिलं नव्हतंच. शेवटी आभार मानतात ना, त्या ओळीत होतं."

या शास्त्रज्ञ लोकांत पेपरवरचं पहिलं नाव म्हणजे सगळं काही. नोकरी त्यावर, पुढचं आयुष्य त्यावर. आभाराच्या ओळीवर कुणी चहासुद्धा पाजत नाही.

मावशीला वाईट वाटलं. पण तिला काम होतं. समिती सोमवारी येणार होती.

आणि तो शनिवार उजाडला.

पंपवाली जेवायला गेली होती. लॅबमध्ये मावशी एकटी. पंपाची घरघर, पंख्याचा आवाज, एवढंच. मावशी हात धुवायला बेसिनपाशी गेली आणि परत आली.

उजवीकडचे मोजे...

आत होते.

बाहेर दोन रिकामी भोकं. आणि काचेपलीकडे दोन काळे हात ट्रेवर टेकलेले. बोटं जरा वाकलेली. कुणीतरी कामाला बसल्यासारखी.

मावशी आधी घाबरलीच नाही. दाब उतरला असेल, तिला वाटलं. तिने काट्याकडे पाहिलं.

दाब ठीक होता.

आणि दाब उतरला असता तर डावीकडचे मोजेही मरगळले असते ना? ते तर बाहेर ताठ उभे होते.

मावशी म्हणते, तिथून पळायला हवं होतं. पण सोमवार डोक्यावर होता. तिने डावीकडच्या मोज्यात हात घातले. उजवीकडे बघायचंच नाही, असं ठरवलं. काच ठेवली. यंत्र सुरू केलं. काच फिरायला लागली.

आणि पंपाची घरघर थांबली.

पंखाही. सगळंच. कानात कापूस घातल्यासारखं...

मग पेटीच्या आतून आवाज आला.

टक.

टक.

थेंब पडला.

आवाज परत आले. यंत्र थांबलं. मावशीने खाली पाहिलं. काचेवर काळा, चकचकीत आरसा होता. त्यात तिचा घाबरलेला चेहरा दिसत होता.

मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

तिच्या उजव्या हातात चिमटा होता. डावा हात यंत्राच्या बटणावर होता.

थेंब टाकायची नळी तिच्या हातात नव्हतीच.

मावशीने झटकन हात मोज्यांतून मागे ओढले. पण ती उठली नाही. हे तिनेच मला सांगितलं, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटतं. ती उठली नाही. ती हळूच म्हणाली, "तू आहेस ना? सोमवारी पण ये. पेपरवर तुझं नाव पहिलं घालीन. शप्पथ."

काळी बोटं हलकेच मिटली.

आणि मोजे सावकाश बाहेर आले. फुगले. ताठ झाले.

सोमवारी समिती आली. तिघंही मोजणीच्या पडद्याकडे डोळे लावून बसले. पेटीकडे बघतंय कोण! आकडा आला. जुन्या सेलपेक्षाही मोठा. टाळ्या! सरांनी मावशीची पाठ थोपटली. घरी फोन आला तेव्हा आजी म्हणाली, "चला, एकदाची संपली शाळा!"

फक्त पंपवालीने मावशीला जिन्यात गाठलं.

"ताई, तुझे दोन हात यंत्रापाशी होते ना?"

"हो. का?"

"मग थेंबाच्या बाटलीचं झाकण कोणी धरलं होतं?"

मावशी भराभर जिना उतरून गेली.

जागा मिळाली. पण पहिलं वर्ष कच्चं. वर्षाच्या शेवटी समिती परत येणार, सेल परत बघणार, मग पक्कं. तसाच नियम होता. आणि नवा पेपर तयार झाला. सरांनी नावांची यादी पाठवली.

पहिलं नाव मावशीचं.

टकटकचं नाव कुठेच नव्हतं. आभारातही नाही.

मावशी सरांच्या खोलीत गेली. "सर, पद्धत तिची आहे. तिचं नाव पहिलं हवं."

सरांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. उलट मायेनेच बोलले. "हे बघ, मेलेल्या माणसाला करिअर नसतं. तिला आता नोकरी नको आहे. तुला हवी आहे. पहिलं नाव दुसऱ्याचं असलं, तर समिती विचारेल, मग यात तू काय केलंस? काय सांगशील?"



पेपर पाठवायच्या आधी प्रत्येकाला पडद्यावर एक बटण दाबून संमती द्यावी लागते. मावशी संध्याकाळपर्यंत त्या बटणाकडे बघत बसली. आजीचा फोन आला, तिने तो उचलला नाही.

मग तिने बटण दाबलं.

मला तिचा राग येत नाही. तुम्ही तिची ती बॅग बघायला हवी होती. तिची चाकंसुद्धा झिजली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी पेटीसमोर बसली.

उजवीकडचे मोजे आत होते. मावशीने आपले हात आत घातले...

फट्ट!

उजवीकडचे दोन्ही मोजे उसळून बाहेर आले. तोंडावर दार आपटावं तसे.

थर गढूळ.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मावशी बसली की फट्ट. महिने गेले. एकही आरसा नाही. मावशीने पेटीशी बोलून पाहिलं. माफी मागितली. पेपर तर छापूनही आला होता, आता काय करणार?

शेवटी ती पंपवालीला म्हणाली, "आज तू बस माझ्या जागी. नुसतं करून तर बघ."

"मी? माझा हात तर चहा ओतताना पण सांडतो!"

पण बसली बिचारी. मावशी लांब दाराशी उभी राहिली.

मोजे बाहेर आले नाहीत. आतच राहिले.

टक... टक...

आरसा!

मावशी आनंदाने ओरडली. पंपवाली ओरडली नाही. ती हात बाहेर काढत होती, आणि ते निघत नव्हते. खांदे मागे, पाय पेटीला रेटलेले. मावशीने तिला कमरेला धरून खेचलं तेव्हा कुठे ती सुटली. पिशवी घेऊन निघून गेली.

परत आलीच नाही. पीएचडी अर्धी टाकली. सगळे म्हणाले, लग्न ठरलं असेल.

तिचा एकच फोन आला होता मावशीला.

"ताई, माझे हात तिने धरून ठेवले होते. आणि तळहातावर बोटाने काहीतरी गिरवत होती. रबरातून कळत होतं मला. एकच नाव. पुन्हा पुन्हा. कुणाचं ते तुला माहीत आहे. मला आता पेन धरवत नाही गं. हात थांबतच नाहीत. तेच लिहीत राहतात..."

तो नंबर आता लागत नाही.

मागच्या महिन्यात मावशी घरी आली होती. किती वाळली होती! मी खिडकीपाशी बसून शाळेच्या नाटकाचे कपडे शिवत होते. सुईत दोरा ओवला, एका झटक्यात. वर पाहिलं तर मावशी माझ्याकडे बघत होती.

माझ्याकडे नाही. माझ्या हातांकडे.

तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "किती स्थिर हात आहे गं तुझा," ती म्हणाली. तिचे हात बर्फासारखे होते.

त्याच रात्री तिने मला हे सगळं सांगितलं. आईला नाही. मलाच.

आणि परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. लॅबमधून. मागे ती पेटी दिसत होती. डावीकडची जोडी बाहेर, ताठ. उजवीकडची आत. दोन्ही तळवे वर करून... कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

"सुट्टीत ये ना माझ्याकडे," मावशी हसून म्हणाली. "लॅब दाखवते. तुला शास्त्रज्ञच व्हायचंय ना? समिती त्याच आठवड्यात आहे. तुला काही करायचं नाही. थेंबसुद्धा टाकायचा नाही. नुसते हात आत ठेवायचे."

आई मागून ओरडली, "जाईल की! घरी बसून काय करणार आहे?"

तिकीट आलं आहे. आईने माझी बॅगसुद्धा काढून ठेवली आहे.

मी मावशीला एवढंच विचारलं, "पंपवालीचे हात बरे झाले का गं?"

तिने एकदा मागे वळून पेटीकडे पाहिलं.

"तू आधी ये तर," ती म्हणाली.